दोन नाळींची होडी

गेल्या पावसाळ्यात, मासेमारीबंदीच्या दिवसांत, अकरावीतल्या एका विद्यार्थिनीने प्रॅक्टिकलसाठी आपल्या घरच्या होडीचा फोटो आणला होता. होडी वाळूवर ओढून ठेवलेली, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, उजवीकडे, मधोमध झेंड्याची काठी आणि नाळेवर रंगवलेला नोंदणी क्रमांक. त्या आठवड्याचे काम दिसायला सोपे होते: आरशात दिसते तसे चित्र उलटे करणारा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये लिहायचा. डावीकडचा पहिला उभा स्तंभ उजवीकडे शेवटी जायला हवा, दुसरा शेवटून दुसऱ्या जागी, आणि असेच पुढे. तिने प्रोग्राम लिहिला, चालवला, चित्र उघडले आणि ती ओरडलीच, "मॅडम, माझ्या होडयेक दोनय बाजून नाळ इली!" शेजारच्या मुलाने क्षणाचाही विलंब न लावता विचारले, "मगे ती जातली खय?"

पडद्यावरच्या होडीला खरोखरच मागची बाजू उरली नव्हती. उजवीकडे नाळ होती तशीच होती, डावीकडे तिचीच उलटी प्रतिमा उमटली होती, आणि नोंदणी क्रमांक एकदा सुलटा व एकदा उलटा असा दोनदा दिसत होता. तिने मला उत्तर विचारले नाही. ती आणि तिचा शेजारी बाकावर कागद ओढून बसले आणि सहा स्तंभांचे एक छोटे चित्र काढून लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रामचा भाग, हाताने चालवून पाहू लागले. पंधरा मिनिटांत त्यांच्या लक्षात आले की, लूप पहिल्या स्तंभापासून निघून मध्यापर्यंत येतो तेव्हा उजव्या भागाची प्रतिमा डाव्या भागावर उमटते खरी, पण तसे होताना डावा भाग, म्हणजे होडीची मागची बाजू, कायमची पुसली जाते. त्यानंतर लूप मध्य ओलांडून उजवीकडे जातो तेव्हा त्याला उचलायला मूळ डावा भाग शिल्लकच नसतो, म्हणून तो तिथे नाळेचीच प्रतिमा पुन्हा ठेवतो आणि उजवी बाजू जशी होती तशीच राहते.

मग त्यांनी अदलाबदल करायचे ठरवले. दोन तांब्यांतले दूध आणि ताक एकमेकांत बदलायचे तर तिसरा रिकामा तांब्या लागतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे तिसरे व्हेरिएबल, म्हणजे किंमत तात्पुरती ठेवायची जागा, आले. प्रोग्राम पुन्हा चालवला, तर होडी अगदी मूळच्यासारखी! काहीच बदलले नव्हते. या वेळी लूपने मध्यापर्यंत सगळे नीट बदलले होते आणि मध्य ओलांडल्यावर तेच सगळे पुन्हा जागच्या जागी आणून ठेवले होते. एकाच प्रोग्रामच्या या दोन चुका. एकीने होडीला दोन नाळी दिल्या आणि दुसरीने काहीच केले नाही. आणि मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नव्हते.

हा प्रसंग लिहावासा वाटला त्याचे कारण वेगळे आहे. हेच काम मी अनेक वर्षे आकड्यांवर करून घेत होते. पाच आकड्यांचा अ‍ॅरे (क्रमाने मांडलेली रांग) उलटा करा: १०, २०, ३०, ४०, ५०. त्यात हीच चूक झाली तर उत्तर येते ५०, ४०, ३०, ४०, ५०. जुनी जर्नल्स चाळताना मला हे उत्तर एकदा नव्हे, अनेकदा सापडले. मुलांनी ते 'आउटपुट' या शीर्षकाखाली स्वच्छ अक्षरांत उतरवलेले होते, आणि खाली माझी सही होती. मुलांनाही चूक दिसली नव्हती आणि घाईत तपासणाऱ्या मलाही दिसली नव्हती. आकड्यांची रांग बरोबर आहे की नाही हे ठरवायला ती वाचावी लागते, मनात दुसरी रांग धरावी लागते. दोन नाळींची होडी मात्र मच्छीमाराच्या घरातल्या मुलीला नुसती दिसते. संगणकशास्त्र शिकवताना चित्रांचा खरा उपयोग मला इथे वाटतो. तास रंगीत होतो, मुले खूश होतात, हे सगळे ठीक आहे. पण बरोबर-चूक ठरवण्याचा अधिकार शिक्षकाच्या लाल पेनाकडून विद्यार्थ्याच्या डोळ्यांकडे जातो, हे त्याहून मोलाचे आहे.

मी मालवण आणि कुडाळच्या मधल्या एका गावात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. लॅबमध्ये बारा संगणक, त्यातले चालू किती हे पावसावर अवलंबून, आणि इंटरनेट असून नसल्यासारखे. त्यामुळे चित्रांतून शिकवायचे म्हणजे महागडी सॉफ्टवेअर हवीत, असा सल्ला मला सुरुवातीला मिळाला तेव्हा मी तो विषय बाजूला ठेवला होता. याआधीच्या एका संस्थेत तर मला स्पष्टच सांगण्यात आले होते की, चित्रे काढायला चित्रकलेचा तास आहे, तुम्ही अभ्यासक्रम पूर्ण करा. वाट सापडली ती एका अतिशय साध्या फाईलप्रकारामुळे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जेफ पोस्कांझर यांनी चित्रांसाठी जे साधे फाईलप्रकार तयार केले, त्यांपैकी पीपीएम या प्रकारातले चित्र निव्वळ मजकूर म्हणून लिहिता येते. पहिल्या ओळीत 'पी' हे अक्षर आणि ३ हा आकडा, मग चित्राची रुंदी आणि उंची, मग २५५ ही कमाल किंमत, आणि त्यानंतर प्रत्येक पिक्सेलसाठी, म्हणजे चित्रातल्या एकेका ठिपक्यासाठी, लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. बस्स. नोटपॅडमध्ये हाताने टाइप करूनही चित्र तयार होते. यासाठी कोणतीही ग्राफिक्सची लायब्ररी लागत नाही. ज्याला सी प्लस प्लसमध्ये आकडे छापता येतात, त्याला चित्र छापता येते. फोटो या प्रकारात बदलून घ्यायला आणि उघडून पाहायला गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर पुरते.

एकच तडजोड करावी लागली. निळ्या पडद्याच्या जुन्या टर्बोला, म्हणजे सी प्लस प्लसचे प्रोग्राम चालवायच्या सॉफ्टवेअरला, मुले आणि काही शिक्षकही फार जपतात, पण त्यात एका अ‍ॅरेला ६४ किलोबाइटच्या पुढे जागा मिळत नाही, आणि ३०० बाय २०० पिक्सेलच्या लहानशा चित्रातही १,८०,००० आकडे असतात. टर्बोला निरोप दिला. मला त्याचे दुःख झाले नाही.

या पद्धतीत पहिल्याच दिवशी मुलांना जे कळते, ते मी पूर्वी फळ्यावर सांगून कधी नीट कळले नव्हते: चित्र म्हणजे एका लांब रांगेत उभे असलेले आकडे आहेत, आणि ती रांग कुठे मोडून नवी ओळ सुरू करायची हे फक्त रुंदीचा आकडा सांगतो. एकाने रुंदी ३०० ऐवजी २९९ लिहिली. त्याचे चित्र बरोबर ४५ अंशांनी तिरके झाले, वाऱ्याबरोबर झोडपणाऱ्या सरीसारखे. असे का, याचा शोध घेताना त्याने स्वतःच मांडले की, प्रत्येक ओळीचा शेवटचा पिक्सेल पुढच्या ओळीत ढकलला जातो, दुसऱ्या ओळीला एक पिक्सेल, तिसरीला दोन, आणि असे वाढत गेल्यावर सरळ उभा माड आडवा पडायला लागतो. द्विमितीय अ‍ॅरे मेमरीत एकाच सरळ रांगेत ठेवलेला असतो, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य त्याने त्या दिवसापर्यंत वाचले होते की नाही मला माहीत नाही, पण त्यानंतर त्याला ते वाचण्याची गरज उरली नाही.

ही कल्पना माझी नाही, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेने १९९९ पासून सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना संगणकाचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला होता, आणि वास्तुकला, व्यवस्थापन, मानव्यविद्या अशा शाखांतली पुष्कळ मुले त्यात अडखळत होती. मार्क गझ्डिअल यांनी २००३ मध्ये अशा मुलांसाठी 'मीडिया कॉम्प्युटेशन' हा अभ्यासक्रम सुरू केला; पुढे बार्बरा एरिक्सन यांच्याबरोबर त्यांनी तो वाढवला. या मुलांसाठी संगणक हे हिशेबाचे यंत्र कमी आणि संवादाचे साधन जास्त आहे, तेव्हा लूप आणि अ‍ॅरे शिकवायचेच तर फोटो, आवाज आणि चित्रफितींवर शिकवावेत, हा त्यामागचा विचार होता. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलचा लाल आकडा कमी करणे, हा त्यातला अगदी सुरुवातीचा पाठ. अभ्यासक्रम मधेच सोडणाऱ्यांचे आणि नापास होणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे कमी झाले. पण मला गझ्डिअल यांच्याविषयी आदर वाटतो तो दुसऱ्या गोष्टीसाठी. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्यांनी आपलेच दावे पुन्हा तपासले आणि जाहीरपणे मांडले की, मुले टिकून राहतात याला चांगला पुरावा आहे, परंतु ती अधिक शिकतात याला तसा पुरावा मिळालेला नाही. शिक्षणातल्या नव्या पद्धतींचे प्रणेते सहसा असे लिहीत नाहीत.

त्याही मागे जायचे तर १९६७ मध्ये वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी घडवलेली लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा आहे, आणि तिच्यातले, सूचनांप्रमाणे फिरत रेघ काढणारे ते प्रसिद्ध कासव. कासवाला इतकेच कळते: इतकी पावले पुढे जा, इतके अंश वळ. संपूर्ण चित्र त्याला कधी दिसत नाही. हे समजावताना मला आपल्याकडच्या कातळशिल्पांचा आधार मिळाला. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. त्या कातळावर उभे राहिले तर पायाखालची एखादी रेघ दिसते, हत्ती दिसत नाही. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि आकाशातून घेतलेले फोटो सगळ्यांनी पाहिले, म्हणून आज मुलांना तो हत्ती माहीत आहे. मी त्यांना त्या फोटोचा कागद देते आणि सांगते, आता तुम्ही त्या रेघेवर उभे आहात असे समजा, फोटो पालथा ठेवा, आणि सोंडेच्या टोकापासून निघून केवळ 'पुढे जा' आणि 'वळ' एवढ्याच शब्दांत सोंड पूर्ण करून दाखवा. वर्गात बाके सरकवून, एकजण कासव आणि दुसरा सूचना देणारा, असे हे चालते. समभुज त्रिकोण काढताना ६० अंश वळायचे नसून १२० अंश वळायचे असते, कारण कासव आतला कोन मोजत नाही, स्वतः किती फिरले ते मोजते. हे ज्या मुलाने स्वतःच्या पायांनी चुकीचे वळून पाहिले आहे, त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

आता एक उदाहरण असे सांगते, ज्यात डोळ्यांनी गणितावर शंका घेतली. रंगीत चित्र करड्या छटांत बदलायचे तर लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांची सरासरी काढावी, हे कोणालाही सुचते. आमच्या आवारातल्या जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पावसाळ्यात शेवाळ चढते, त्याचा फोटो आम्ही घेतला. जांभ्याच्या एका पिक्सेलचे आकडे होते १७०, ८०, ५०. शेजारच्या शेवाळाचे ८०, १५०, ७०. दोन्हींची बेरीज ३००, दोन्हींची सरासरी १००. करड्या चित्रात शेवाळ नाहीसे झाले! लाल दगड आणि हिरवे शेवाळ, ज्यांत गोंधळ व्हायची शक्यता नाही, ते एकाच छटेचे झाले. प्रोग्राम अचूक होता, सरासरी अचूक होती, आणि तरीही मुले म्हणत होती की चित्र चुकले आहे. मग आम्ही मानवी डोळ्याकडे वळलो. आपल्या डोळ्याला हिरवा रंग सर्वांत उजळ भासतो, निळा सर्वांत मंद. म्हणून दूरचित्रवाणीच्या काळापासून तीन रंगांना सारखे वजन न देता लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ अशी वजने देण्याची रीत आहे. ती लावल्यावर जांभा सुमारे १०३ वर आला, शेवाळ १२० वर गेले, आणि गडग्यावरचे डाग पुन्हा उमटले.

त्या तासाला एक मुलगा गप्प होता. दोन्ही करड्या चित्रांत काय बिघडले आणि काय सुधारले यावर बाकीचे बोलत असताना त्याने हळूच विचारले की, मूळ रंगीत फोटोत तरी शेवाळ कुठे आहे. त्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, हे तोपर्यंत मला ठाऊक नव्हते. त्याच्या घरी माहीत होते, पण शाळेत कोणी विचारले नव्हते. चित्रांवर आधारलेल्या माझ्या सगळ्या उत्साहाला तिथे एक चांगला धक्का बसला, कारण बरोबर-चूक ठरवण्याचा अधिकार मी डोळ्यांना दिला होता आणि सगळ्यांचे डोळे सारखे असतात असे न बोलता गृहीत धरले होते. पुढे घडले ते मात्र माझ्या योजनेत नव्हते. तो मुलगा आकड्यांकडे वळला. लाल आकडा हिरव्यापेक्षा मोठा असेल तिथे पांढरा ठिपका, नाहीतर काळा, असा चार ओळींचा प्रोग्राम लिहून त्याने गडग्यावरचे सगळे शेवाळ आयुष्यात पहिल्यांदा वेगळे करून पाहिले. प्रतिमांतले भाग वेगळे करण्याची ही पद्धत पुस्तकात बऱ्याच पुढे येते. त्याने ती आपल्या गरजेतून लिहिली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रॅक्टिकलमध्ये चित्राशेजारी आकडे छापण्याची अट आहे.

रांगोळीचे सांगायचे राहिले. ठिपक्यांच्या रांगोळीची कृती आपल्याकडे जशी सांगितली जाते, ती ऐकून मला नेहमी वाटते की, प्रोग्रामिंगची एक नोटेशन आपल्या अंगणात कधीचीच आहे. "९ ते ५ ठिपके" एवढेच आई मुलीला सांगते. त्याचा अर्थ असा की, मधली ओळ ९ ठिपक्यांची, वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत दोन्हीकडे ५ पर्यंत जायचे, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्ध्या अंतराने सरकवायची. यात सुरुवात आहे, शेवट आहे, दर फेरीचा बदल आहे. म्हणजे लूपला जे लागते ते सगळे आहे. ५ पासून ९ पर्यंत चढायचे आणि ८ पासून ५ पर्यंत उतरायचे. एकूण ६१ ठिपके. ज्यांनी अटीत 'पेक्षा लहान किंवा बरोबर' ऐवजी नुसते 'पेक्षा लहान' लिहिले, त्यांची नऊची ओळ आलीच नाही, मधे आठाच्या दोन ओळी लागून आल्या आणि ठिपके झाले ५२. ज्यांनी उतरताना पुन्हा नऊपासून सुरुवात केली, त्यांचे झाले ७०. मोजणी एकाने कमी-जास्त होण्याची ही चूक प्रोग्रामरांच्या आयुष्यभर पाठीशी लागते, आणि अनुभवी माणसेही ती करतात. पण ५२ ठिपके जोडायला घेतल्यावर षट्कोनाची टोके जुळत नाहीत, आणि न जुळलेली रांगोळी घरात कोणीही ओळखते. एका मुलाने घरी लॅपटॉपवर आपली रांगोळी दाखवली तेव्हा आजीने न मोजता सांगितले की मधली ओळ खाल्लीस. त्या आजी शाळेत किती शिकल्या हे मी विचारले नाही.

दक्षिणेत कोलमवर, म्हणजे तिथल्या ठिपक्यांच्या रांगोळीवर, या दृष्टीने गंभीर अभ्यास झालेला आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कमला कृतिवासन यांनी १९७०च्या दशकात कोलमच्या आकृत्या कोणत्या नियमांनी घडतात हे तपासून त्यांची औपचारिक व्याकरणे मांडली, आणि चित्रांच्या व्याकरणावरचे ते काम संगणकशास्त्राच्या सैद्धांतिक शाखेत आजही उद्धृत केले जाते. मराठी रांगोळीबद्दल असे काही व्हायला हवे असे मला वाटते, पण तो या लेखाचा विषय नाही.

यादृच्छिक, म्हणजे रँडम, आकडे शिकवताना मी गेऑर्ग नेस या जर्मन चित्रकार-गणितज्ञाकडे जाते. १९६५ मध्ये स्टुटगार्टला संगणकाने काढलेल्या चित्रांची जी पहिलीवहिली प्रदर्शने झाली, त्यांत नेस यांची चित्रे होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी केलेल्या एका प्रसिद्ध चित्रात १२ स्तंभ आणि २२ ओळींत चौकोन मांडलेले आहेत. वरच्या ओळी शिस्तीत उभ्या, आणि खाली उतरावे तसे चौकोन कलत, घसरत, विस्कटत जातात. त्या चित्राच्या नावाचा अर्थ खडी. आमच्या मुलांनी चौकोनांऐवजी जांभ्याचे चिरे घेतले आणि ढासळणारी भिंत काढली. प्रत्येक चिऱ्याला यादृच्छिक कल द्यायचा आणि त्याला ओळीच्या क्रमांकाने गुणायचे, एवढेच त्यात आहे. गुणायचे विसरले तर सगळी भिंत सारखीच ढासळते, आणि चित्रातला सगळा ताण निघून जातो.

या धड्यात मी एका जोडीवर अन्याय केला. खोलीच्या दोन टोकांना बसलेल्या दोन मुलींच्या भिंती तंतोतंत सारख्या ढासळल्या होत्या, एकूण एक चिरा त्याच कोनात. यादृच्छिक आकडे वापरून दोन चित्रे अशी सारखी येऊ शकत नाहीत, तेव्हा एकीने दुसरीची फाईल उचलली आहे, असे मी सगळ्यांसमोर बोलून गेले. दोघींनी माझ्यासमोर प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा तीच भिंत. तिसऱ्या संगणकावर चालवला, तरी तीच. संगणकाची यादृच्छिकता ही एका ठरलेल्या बीजातून उगवणारी ठरलेली मालिका असते, आणि दर वेळी वेगळे बीज दिले नाही तर दर वेळी तीच मालिका मिळते, हे मी दर वर्षी शिकवते. दोघींनीही बीज द्यायची ओळ लिहिली नव्हती. मी वर्गासमोर माफी मागितली. त्या तुकडीतला एकही विद्यार्थी बीज द्यायला पुन्हा विसरला नाही, हा त्यातला फायदा म्हणायचा तर म्हणावा.

रिकर्शनबद्दल, म्हणजे फांदीला लहान फांदी फुटावी तशी एखाद्या कृतीने स्वतःलाच पुन्हा वापरण्याबद्दल, थोडक्यात सांगायचे तर कोकणातली मुले पहिल्यांदा माड काढायला घेतात, आणि माड हे या कामासाठी अगदी निरुपयोगी झाड आहे, कारण त्याला फांदीच फुटत नाही. पोफळीचेही तेच. आंबा घ्यावा.

चित्र फसवतेही. एका मुलाची ९ ते ५ रांगोळी निर्दोष आली, आणि प्रोग्राम उघडून पाहिला तर त्यात एकही लूप नव्हता. ६१ ठिपक्यांसाठी ६१ ओळी हाताने लिहिलेल्या होत्या, जागा वहीवर मोजून. त्याच्या चिकाटीला मी दाद दिली आणि ११ ते ६ करायला सांगितले. ९१ ठिपके आहेत हे मोजल्यावर त्याने स्वतःच वही मिटली. चित्र बरोबर आले म्हणजे विचार बरोबर झाला असे होत नाही, म्हणून मी आता चित्र कधीच शेवटचे उत्तर मानत नाही. चित्र आल्यावर एक माप बदलायला सांगते. आणि काही विषयांना चित्राचा हात लागतच नाही. डेटाबेसमधले संबंध, किंवा ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची सूचनावली, यांवर ओढूनताणून चित्रे चिकटवण्याचा प्रयत्न मी एक वर्ष केला आणि सोडून दिला. मुलांना चित्र आठवत होते, सूचना आठवत नव्हती.

आणखी एका ठिकाणी मी थांबते. आमच्या जवळच पिंगुळी आहे. चित्रकथीची परंपरा तिथल्या ठाकर समाजाने जपली. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. एकामागून एक चित्र उलगडत, गात गात कथा सांगण्याची ही रीत मुलांना दाखवायला मी नेते, आणि पोथीतल्या चित्रांचा क्रम हाच कथेचा कणा आहे हे पाहिल्यावर अ‍ॅरेतला क्रमांक आणि त्यातला आशय या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे समजायला मदत होते. परतल्यावर काही मुलांनी सुचवले की, आपल्या कोणत्याही फोटोला चित्रकथीचे रूप देणारा फिल्टर लिहू. मी नाही म्हटले. रंग पाच-सहा छटांवर आणणे आणि कडा गडद करणे हा उत्तम प्रॅक्टिकल आहे, तो त्यांनी केलाही, पण त्याला चित्रकथी म्हणू दिले नाही. काहींना हा माझा हट्ट वाटला. पिढ्यान्‌पिढ्या हाताने काढलेल्या रेघेत कोणता निर्णय कुठे घेतला आहे, हे आम्हाला लिहून काढता आलेले नव्हते. आणि जे लिहून काढता येत नाही त्याचा प्रोग्राम झाला असे म्हणणे संगणकशास्त्राच्या दृष्टीनेही खोटेच आहे.

होडीवाल्या विद्यार्थिनीने अखेर लूप मध्यावर थांबवला आणि तिची होडी नीट उलटली. नाळ डावीकडे, क्रमांक उलटा, मागची बाजू परत आली. जर्नलमध्ये तिने तिन्ही चित्रे चिकटवली, दोन चुकीची आणि एक बरोबर, आणि प्रत्येकाखाली सहा स्तंभांची ती हाताने काढलेली आकृती. सही करताना मी सहज विचारले की, तुझ्या चित्राची रुंदी किती. ती म्हणाली, ३०१. मग निम्मे किती धरलेस? "दीडशे," ती म्हणाली, "भागाकारात अर्धा सुटता." मग मधला स्तंभ कोणाबरोबर बदलला, हा प्रश्न मी विचारायच्या आतच ती चित्राकडे पाहू लागली. काठीवर बोट ठेवून तिने चित्रे एकाखाली एक ताडून पाहिली, आणि म्हणाली, "मॅडम, काठी जाग्यारच आसा."